घटनास्थळी पहिले पोहोचलो, पण कमांड कुणाकडे होती?

नवा_स्वयंसेवक
बचाव पथकात येऊन आठ महिने झाले. परवा रात्री उलटलेल्या बसपाशी आमची चौघांची तुकडी सगळ्यात आधी पोहोचली. मी सरळ खिडकीतून आत शिरलो. थोड्याच वेळात अग्निशमन, पोलीस आणि तीन रुग्णवाहिका आल्या. जो तो विचारत होता, "इथे प्रमुख कोण?" मी आत एका जखमी बाईंची मान हलू नये म्हणून धरून बसलो होतो. बाहेर रुग्णवाहिका एकामागे एक अडकल्या आणि जखमींना घेतलेली पहिली गाडीच निघेना. प्रशिक्षणात कमांडचा, म्हणजे घटनास्थळी कोणतं काम कुणाकडे आणि हुकूम कुणाचा याचा, मोठा तक्ता दाखवला होता. चार माणसांनी तो कसा भरायचा?

जुना_फायरमन
तो भरायचा नसतोच, बाळा. कमांडर एकटा असेल तर प्रत्यक्ष बचाव, नियोजन, साहित्याचा पुरवठा, खर्चाच्या नोंदी ही सगळी कामं त्याच्याच डोक्यावर असतात. पसारा वाढेल तसं एकेक काम दुसऱ्याला द्यायचं. माणूस नेमला नाहीस तर ते काम तुझंच.

मान धरणं चूक नव्हतं, पण ते उरलेल्या तिघांपैकी कुणालाही जमलं असतं. बाहेर उभं राहून सगळीकडे नजर ठेवायला मात्र कुणी उरलं नाही. पहिल्या तुकडीच्या प्रमुखाने आत जायचं नाही, हे मनाला फार जड जातं. आतून हाका येत असतात. तरीही बसभोवती एक फेरी मारायची, डिझेल गळतंय का, विजेची तार पडलीय का, ते पाहायचं आणि वॉकी-टॉकीवर सांगायचं: "बस डाव्या कुशीवर, तीसेक प्रवासी, डिझेल गळतंय. कमांड माझ्याकडे. मी बसच्या मागे आहे. येणाऱ्या गाड्यांनी पुलाच्या अलीकडे थांबावं, बोलावल्यावरच पुढे यावं." पुलापाशी थांबवणं म्हणजेच स्टेजिंग. तेवढं एक वाक्य गेलं असतं तर रुग्णवाहिका अडकल्या नसत्या.

बोलायचं साध्या भाषेत, सांकेतिक आकडे नकोत. कमांडची ही पद्धतच अशा एका गोंधळातून जन्मली. 1970 साली कॅलिफोर्नियात 13 दिवस वणवे पेटले होते, 16 माणसं गेली. मदतीला आलेल्या दलांची वायरलेस एकमेकांशी जुळत नव्हती, एकाच वस्तूला प्रत्येकाचा शब्द वेगळा, आणि हुकूम कुणाचा मानायचा हेही ठरलेलं नव्हतं.

आता माझ्यावर बेतलेलं सांगतो. गोदामाची आग होती, आम्ही तिघं होज, म्हणजे पाण्याचा पाइप, घेऊन आत. बाहेर एक वरिष्ठ आले. त्यांनी कमांड घेतली नाही, कमांडरला विचारलंही नाही. दुसऱ्या तुकडीला म्हणाले, "खिडकीतून मारा पाणी." आतली सगळी वाफ आणि धग आमच्यावर उलटली. माझ्या जोडीदाराचे दोन्ही कान भाजले. वरिष्ठांचा हेतू चांगलाच होता, पण हुद्दा मोठा म्हणून कमांड आपोआप हातात येत नाही. समोरासमोर उभं राहून घ्यावी लागते: काय घडलं, कोणतं काम झालंय, कोण कुठे आहे, काय राहिलंय, हे आधीच्या कमांडरकडून ऐकून. मग "आता कमांड माझ्याकडे" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. ज्याला त्याला एकच वरिष्ठ असावा, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी सांगत आलोय.

एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाचच. आठवा आला की मध्ये एक प्रमुख नेम. आणि सुरक्षा अधिकारी लवकर नेम. धोका दिसला तर कुठलंही काम जागच्या जागी थांबवायचा अधिकार त्याला असतो.

रुग्णवाहिका_ताई
आमच्या बाजूने दोनच गोष्टी. चालकाने गाडी सोडायची नाही. स्ट्रेचर उचलायला सगळेच धावतात आणि मग गाडी हलवायला माणूस नसतो. दुसरं, पहिल्या वैद्यकीय पथकाच्या प्रमुखाने उपचारांत अडकू नये. आधी जखमी मोजावेत, गंभीर किती ते कमांडरला कळवावं. तो आकडा मिळाल्याशिवाय अजून किती गाड्या मागवायच्या हे ठरत नाही.

नवा_स्वयंसेवक
काका, ताई, आभार. पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय या तिघांचे प्रमुख हजर असतील तर कमांड कुणाची?

जुना_फायरमन
बहुतेक वेळा जागेवर मोठा धोका कशाचा, त्यावर ठरतं. तिघांचीही जबाबदारी सारखीच असेल तर संयुक्त कमांड. तिघांनी एकाच ठिकाणी उभं राहायचं, तीन गाड्यांत बसून तीन वायरलेसवर बोलायचं नाही. आराखडा एक, आणि प्रत्यक्ष कामाचा प्रमुखही एकच. वाद असेल तो त्या तिघांत मिटवायचा, जवानांपर्यंत एकच हुकूम गेला पाहिजे.

आणि हजेरीची वही ठेव. कोण कितीला आत गेला, कितीला बाहेर आला. त्या गोदामातून आम्ही तिघंही बाहेर पडलो होतो, तरी बाहेरचे आम्हाला आत शोधत होते.

नवा_स्वयंसेवक
परवा आम्ही चौघेच होतो, वही कुणी ठेवायची?

जुना_फायरमन
तू. बाहेर उभा असशील ना आता.