ऋण संख्येनं भागताना चिन्ह उलटवायचं राहतं, लेकीला कसं समजावू?

निळी_शाई: मुलगी यंदा दहावीला, आयसीएसई. बीजगणित आवडीनं करते, पण लिनिअर इनइक्वेशन्समध्ये (बरोबर चिन्हाऐवजी <, > असलेली गणितं) दर वेळी एकाच जागी मार्क जातात. काल −३क्ष < १२ हे सोडवून खाली लिहिलं, क्ष < −४. ‘ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं’ हे तिला तोंडपाठ आहे, गणित करताना मात्र निसटतं. आम्हाला शाळेत हा धडा नव्हता, त्यामुळे मीही अडखळते. क्लास लावू, की घरी काही करता येईल?

खडूफळा: ताई, क्लासची घाई नको. नियम पाठ आहे, पण तो का, हे तिला दिसलेलं नाही. उधारीचं उदाहरण द्या. माझ्याकडे २ रुपये, तुमच्याकडे ५, म्हणजे २ < ५. आता तेवढीच उधारी समजा: माझ्यावर २, तुमच्यावर ५. कोणाची स्थिती बरी? माझी. म्हणून −२ > −५. मग कागदावर संख्यारेषा काढून तो बरोबर शून्यावर दुमडायला लावा. २ जाऊन −२ वर बसतो, ५ जाऊन −५ वर, आणि उजवीकडचा डावीकडे जातो.

शिवाय उत्तर आलं की क्ष च्या जागी शून्य टाकून बघायची सवय लावा. ० < १२ खरं आहे, म्हणजे शून्य उत्तरात हवंच. क्ष < −४ मध्ये ते बसत नाही. चूक तिथल्या तिथे सापडते.

दुपारचा_चहा: आमच्याकडे मुलाला क्ष धन होईल त्या बाजूला न्यायला शिकवलं. −१२ < ३क्ष, म्हणून −४ < क्ष. उलटवण्याचा प्रश्नच येत नाही.

खडूफळा: युक्ती चांगली आहे, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. −५ < ३ − २क्ष ≤ ९ अशी गणितं येतात, तिथे क्ष मधोमध अडकलेला असतो. दोन तुकडे करून जमतं, पण वेळ जातो. सगळीकडून ३ वजा करा: −८ < −२क्ष ≤ ६. आता −२ नं भागा, दोन्ही चिन्हं उलटतात: ४ > क्ष ≥ −३. लहानाकडून मोठ्याकडे लिहा: −३ ≤ क्ष < ४.

आणि क्ष पूर्णांक आहे की वास्तव संख्या, हे प्रश्नात आधी वाचायला सांगा. वर्गात दरवर्षी बघते, हुशार मुलंही इथे मार्क घालवतात. पूर्णांक असेल तर −३ ते ३ असे सात सुटे ठिपके. वास्तव असेल तर सलग जाड रेघ, −३ वर भरीव ठिपका, ४ वर पोकळ वर्तुळ. आयसीएसई परीक्षा घेणाऱ्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका आहेत, त्यातली अशी गणितं काढून द्या.

निळी_शाई: मनापासून आभार! रात्री दोघी बसलो. कागद दुमडून तिनं उजेडात धरला आणि म्हणाली, “अगं आई, सगळंच उलटं होतंय!” मग जुन्या वहीत शून्य टाकून तीन चुका तिच्या तिनं शोधल्या. एक मात्र अडलं: −२क्ष < ० मध्ये शून्य टाकलं की ० < ० येतं.

खडूफळा: तिथे शून्य नेमकं हद्दीवर आलं. १ घ्या. −२ < ० खरं आहे, म्हणजे १ उत्तरात हवा: क्ष > ०. शून्य सोपं पडतं म्हणून घेतो, हद्दीवरची सोडून कुठलीही संख्या चालते.