८६ सेंटिमीटरच्या वर गेलं की बाळ संपलं?

दुकानदार_दादर: लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, थोडा माल बाहेरून येतो. गेल्या खेपेत होजिअरीचे टी-शर्ट होते, लेबलवर '१८-२४ महिने'. बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदात, ६१११ हा शुल्काचा क्रमांक दाखवला, म्हणजे बाळांचे होजिअरी कपडे. कस्टमच्या साहेबांनी विचारलं, घालणारं मूल किती उंच? शुल्काच्या यादीत प्रकरण ६१ च्या टिपेत बाळ म्हणजे ८६ सेंमीपर्यंत उंचीचं मूल. त्याहून उंच असेल तर टी-शर्ट थेट ६१०९ मध्ये, मोठ्यांच्या रांगेत. तिथे शुल्क टक्केवारीने किंवा नगामागे ठरावीक रुपये, जे जास्त ते. वीतभर स्वस्त टी-शर्टला नगाचाच आकडा बसतो. चार दिवस कंटेनर अडकला, डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) वेगळं.

माझं मत, निकष वयाचाच हवा. गिऱ्हाईक 'दीड वर्षाच्याला दाखवा' म्हणतं, 'ब्याऐंशी सेंटिमीटरच्याला' म्हणत नाही.

सीएचए_न्हावाशेवा (कस्टम एजंट): साफ चूक. वय धरलं तर उद्या सहा वर्षांच्या फ्रॉकवरही '२४ महिने' छापून येईल. उंचीत निदान मोजण्यासारखं काही आहे. आणि ही टीप दिल्लीत कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही, जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एचएसमधली, म्हणजे मालाला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतली आहे. युरोपच्या लेबलवर ८०, ८६, ९२ असे उंचीचेच आकडे असतात. तिथे ८६ म्हणजे साधारण १२-१८ महिने. तुमचा '१८-२४' कुठल्या चार्टवरचा? सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ खाली वर्गीकरण आधी तुम्हीच करायचं असतं. चार्ट न मागवता माल भरलात आणि खापर साहेबांवर.

दुकानदार_दादर: जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ८७ च्या आसपास, मुलीची ८६ च्या. म्हणजे दोन वर्षांच्या आतली बहुतेक पोरं ८६ खालीच. मग '१८-२४' बाळाचा का नाही?

सीएचए_न्हावाशेवा: मध्यम म्हणजे निम्मी त्याच्या वर. आणि पोर वाढेल म्हणून शर्ट ढगळच शिवतात ना?

आत्याबाई_गिरगाव: तुमचं चालू द्या, मी बाळंतविड्याचं विचारते. भाची दुबईहून नवा कोरा संच धाडणार होती, म्हणून लेकाने तक्ता काढून दिला. शिवलेलं सुती झबलं ६२०९. लोकरीचे पायमोजे ६१११. टोपडं मात्र ६५०५, टोप्यांच्या प्रकरणात! लंगोट २०१२ पासून ९६१९, सॅनिटरी पॅडच्या शेजारी. एका ताटातला बाळंतविडा, चार ठिकाणी वाटणी. कपडे संच म्हणून बांधले तरी वेगवेगळ्या शीर्षकांतले (म्हणजे क्रमांकांतले) असतील तर आपापल्या जागी जातात म्हणे. आणि कुंची? ती डोक्यावर असते आणि पाठीवरही. टोपी धरायची की कपडा?

सीएचए_न्हावाशेवा: आत्या, कुंचीवर मी पैज लावणार नाही.

बटणवाला: ८६ च्या आत मुलगा-मुलगी हा भेदच नाही, एकच शीर्षक. वर गेलं की शर्टाची बटणपट्टी बघायची. डावी बाजू उजवीवर तर मुलांचा, उजवी डावीवर तर मुलींचा. काहीच कळलं नाही तर मुलींच्या शीर्षकात. म्हणजे बिनबटणाचा बिननक्षीचा पायजमा कायद्याने पोरीचा. माझा मुलगा तेच घालतो, त्याला अजून सांगितलेलं नाही.

नियमात_राहा: एवढा वाद असेल तर मुंबईतच कस्टमचं अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे, माल यायच्या आधीच वर्गीकरण ठरवून देणारं. आधी अर्ज करा, निर्णय काही वर्षं लागू राहतो.

दुकानदार_दादर: कायद्याने त्यांच्या हाती तीन महिने. तोवर दिवाळी उरकते. सहाशे नगांसाठी कोण वकील धरणार? मोठ्या ब्रँडना परवडतं. आम्ही अडकलो की साहेब म्हणतील ते भरून माल सोडवतो. म्हणूनच नियम लेबलवरून कळेल असा हवा.

सीएचए_न्हावाशेवा: मग पुरवठादाराकडून लेबलवर उंची छापून घ्या. नियम का बदलायचा?

दुकानदार_दादर: चार्ट आला. उंची इंचांत आहे, ३३ ते ३५.

सीएचए_न्हावाशेवा: म्हणजे ८४ ते ८९. ८६ बरोबर मधे. वरचा आकडा धरा, ६१०९.

दुकानदार_दादर: वरचाच का? खालचा धरला तर बाळच आहे की.

आत्याबाई_गिरगाव: आणि कुंचीचं?