टूजेझेड: ट्विन टर्बो ठेवू की सिंगल बसवू?

वळणवेडा
माझी १९९४ ची टोयोटा सुप्रा ए८०, आत टूजेझेड इंजिन, दोन्ही टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) अजून कंपनीचेच. पहिला टर्बो २००० आरपीएमच्या थोडं पुढेच जागा होतो, तिथे गाडी गोड चालते. पण ४००० च्या आसपास दुसरा सामील होताना क्षणभर श्वास अडकतो आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. सरळ रस्त्यावर मजा, पण वळणातून निघताना तेच झालं की पोटात गोळा येतो. परवा ओळखीच्या एकाची ६७ मिमी चाकाच्या एकाच मोठ्या टर्बोवाली (सिंगल) चालवली. ४००० पर्यंत नुसता आवाज. तरी वळणात मला तिचाच भरवसा वाटला! लॅग (जोर यायला लागणारा उशीर) जास्त असून असं कसं?

जुना गॅस्केट
तुम्ही दोन गोष्टी एकाच पोत्यात भरताय. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कितव्या आरपीएमला येतो हे एक. त्याच्या वर असताना पाय दाबल्यावर तो किती पटकन येतो हे दुसरं, आणि लॅग म्हणायचं ते ह्याला. २५०० ला मोठा टर्बो उठत नाही म्हणून त्याला आळशी ठरवू नका, तिथे त्याची टर्बाइन फिरवायला पुरेसा एक्झॉस्टच नसतो. इंजिन ५००० वर असताना पाय सोडून पुन्हा दाबा, मग बोला.

भरवशाचं म्हणाल तर सिंगलचा जोर एकदाच चढतो आणि कुठे चढणार ते पायाला कळतं. तुमच्याकडे मध्ये पायरी आहे.

पण ती एवढी जाणवायला नको हो. दुसरा टर्बो कामाला लागण्याआधी त्याला थोडा एक्झॉस्ट देऊन फिरवून ठेवतात, ते ह्याचसाठी. हा सगळा खेळ व्हॅक्यूमच्या नळ्यांवर चालतो आणि तीस वर्षांत रबराचं लाकूड होतं. मी एकदा दोन महिने टर्बोला शिव्या घातल्या. निघाली काय, तर बोटभर नळीला चीर.

कागदी घोडा
सिंगलऐवजी निम्म्या प्रवाहाचे दोन सारखे टर्बो लावले, तर प्रत्येक चाकाचा व्यास ०.७१ पट आणि वजन सुमारे ०.३५ पट होतं. पण एक्झॉस्टही प्रत्येकाला निम्माच मिळतो. म्हणजे वेगात यायचा वेळ कागदावर ०.७ पट. फायदा आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही. त्यात लहान चाकांची कार्यक्षमता कमी, त्यामुळे थोडा तिथेच जातो.

जुना गॅस्केट
बरोबर. आणि सिंगल घेतलाच तर ट्विन-स्क्रोल, म्हणजे टर्बाइनकडे एक्झॉस्टच्या दोन वेगळ्या वाटा असलेला, मॅनिफोल्डसकट (एक्झॉस्टच्या नळ्यांच्या जोडणीसकट) घ्या. ह्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-५-३-६-२-४. पहिले तीन सिलिंडर एका वाटेने, उरलेले दुसऱ्या वाटेने सोडले की एक्झॉस्टचे ठोके आळीपाळीने येतात, एकमेकांना आडवे जात नाहीत. नव्या सुप्रा ए९० मधल्या बी५८ इंजिनाला एकच ट्विन-स्क्रोल टर्बो आहे. तिला कोणी आळशी म्हणून दाखवावं.

रोटरीग्रस्त
आमच्या माझदा आरएक्स-७ एफडीलाही सिक्वेन्शियलच (एकामागून एक जागे होणारे दोन टर्बो), बदल ४५०० च्या आसपास. नळ्यांचं जंजाळ पाहून मी बॉनेट परत लावलं होतं. तरी नीट चालते तेव्हा खालची ओढ सोडवत नाही, त्यामुळे माझं मत ट्विनलाच.

वळणवेडा
नळ्या तपासल्या. एक हातात घेताच मोडली, दुसरी निखळलेलीच होती. सगळ्या सिलिकॉनच्या घातल्या. पायरी अजून आहे, पण आता ती वळणात पायाने सांभाळता येते. सिंगल तूर्त लांबणीवर. गॅस्केटभाऊ, त्या ५००० च्या प्रयोगात मात्र ६७ मिमीवालाच जिंकला असं मला वाटलं, तो मुद्दा सोडलेला नाही.