कुंभार्ली घाटात गाडी ॲपवरून गायब होते, जीपीएस बदलू का?

लोटेवाला: नमस्कार मंडळी. लोटे एमआयडीसीतून कराड-कोल्हापूर लाईनला आमच्या 6 गाड्या चालतात, सगळ्या 10 चाकी. जीपीएस बसवताना तो माणूस म्हणाला सॅटेलाईटवर चालतं, नेटवर्कचं टेन्शन नाही. पण पोफळी सोडलं की गाडी मॅपवर तिथंच उभी आणि मग एकदम हेळवाकला उगवते. त्यात चढाला डिझेलचा ग्राफ धपकन खाली येतो, पार्टनर म्हणतो डिझेल काढलं, पगारातून कापा. ड्रायव्हर जुना आहे, घरच्यासारखा, माझं मन मानत नाही. किलोमीटर पण गाडीच्या मीटरपेक्षा कमी दाखवतंय. काय करू?

ट्रॅकर_फिटर: दादा, पगार कापायचं आधी थांबवा. सॅटेलाईटकडून गाडीला फक्त आपण कुठे आहोत ते कळतं, ते तुमच्या ॲपपर्यंत न्यायला मोबाईल नेटवर्कच लागतं आणि घाटात तेच नसतं. चांगलं डिव्हाईस मधले पॉइंट साठवून ठेवतं आणि वर रेंज आली की सगळे एकदम पाठवतं. लाईव्ह बघू नका, गाडी कोयनानगरला पोचल्यावर हिस्ट्री उघडून बघा, रेषा भरलेली असेल तर डिव्हाईस ठीक आहे. नसेल तर एआयएस 140 वालं घ्या, म्हणजे गाडीच्या ट्रॅकरसाठी ठरवलेल्या सरकारी मानकाचं, त्यात 40,000 पॉइंट साठवायची अट आहे आणि सिम पण दोन कंपन्यांची चालते. सध्याचं डिव्हाईस 2जी असेल तर त्यात जिओ चालणारच नाही, जिओचं 2जी नेटवर्कच नाही.

किलोमीटरचं म्हणाल तर, मिनिटाला एक पॉइंट असेल तर सॉफ्टवेअर दोन पॉइंटमधे सरळ रेघ मारतं आणि नागमोडी वळणं सगळी कापली जातात. वळण घेतलं की पॉइंट टाकायची सेटिंग असते, 10-15 डिग्रीला लावायला सांगा, सपाटीला फरक पडणार नाही पण घाटात लगेच दिसेल.

टँकर_ड्रायव्हर: माझं एवढंच सांगणं आहे की गाडी दिसत नाही म्हणून घाटात ड्रायव्हरला फोन करू नका. पावसात धुकं इतकं असतं की समोरचा कठडा दिसत नाही, एका बाजूला दरी, मागे लोड, आणि तेव्हा शेठचा फोन वाजतो. उचलला तर जीवाला धोका, नाही उचलला तर संशय. घाटाच्या खाली आणि वर एकेक जिओफेन्स, म्हणजे ॲपच्या मॅपवर आखलेली हद्द, लावून घ्या, गाडी आत शिरली आणि बाहेर पडली की मेसेज आपोआप येतो, नेहमीपेक्षा फार उशीर झाला तरच चौकशी करा.

डिझेल_हिशोब: ग्राफ खाली येतो त्याचं कारण टाकीत आहे. चढाला डिझेल मागे सरकतं, सेन्सर टाकीच्या पुढच्या टोकाला असेल तर त्याला कमी दिसतं, उताराला परत जास्त दिसतं. खरी चोरी असेल तर लेव्हल पडते आणि सपाटीला आल्यावरही पडलेलीच राहते. घाटाखाली सपाटीला गाडी उभी करून एक रीडिंग, वर सपाटीला दुसरं, आणि चढाला जेवढं लागतं तेवढं वजा करा. सेन्सर टाकीच्या मधोमध बसवून घ्या, टाकी लांब असेल तर दोन बसवा.

लोटेवाला: हिस्ट्री आत्ताच बघितली, रेषा पूर्ण आहे आणि घाटात गाडी कुठेच थांबलेली नाही!! पार्टनरला स्क्रीनशॉट पाठवला, पगार कापायचा विषय बंद केला. सेन्सर हलवला की कॅलिब्रेशन परत करावं लागेल ना?

डिझेल_हिशोब: हो, पहिल्यापासून. टाकी रिकामी करा, सपाट जागेवर गाडी लावा, 20-20 लिटर मोजून भरत प्रत्येक वेळी रीडिंग लिहून घ्या. डिझेल टाकल्यावर जरा थांबून मगच रीडिंग घ्या. आणि ड्रायव्हरला तिथं हजर ठेवा, त्याच्यासमोर होऊ दे.