मदत हवी आहे: एनएफएल मॉक ड्राफ्टमध्ये चौथ्या नंबरवर ३२ ५/८ इंची हातांचा टॅकल घ्यावा का? (उद्यापर्यंत उत्तर हवंय)

दुसरा_डाउन:
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टवर (अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) आमची मॉक लीग आहे. त्यात माझा नंबर चौथा आहे आणि मला टॅकलच हवाय (क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, वाचवणाऱ्या फळीतला कडेचा माणूस). जो घ्यायचं ठरवलंय त्याचे हात कंबाइनला (ड्राफ्टआधीची एनएफएलची एकत्र चाचणी) ३२ ५/८ इंच भरले. तेव्हापासून ग्रुपवर सगळे डोकं खातायत की हा गार्ड (टॅकलचा आतला शेजारी) आहे, टॅकल नव्हे. मग प्रो डेला (कॉलेजातच होणारी चाचणी) तेच हात ३३ भरले. खरं कुठलं धरायचं? हात पुरतील की नाही हे फिल्म बघून माझं मला ठरवता येईल का? हायलाइट्समध्ये तो सगळ्यांना आडवाच करतोय, त्यातून काही कळत नाही. उद्या संध्याकाळी सातला यादी द्यायची आहे. कृपया "अवलंबून आहे" हे उत्तर नको.

झोनब्लॉक:
अवलंबून आहे. :)
कोण खेळाडू, कुठला संघ, डावा टॅकल की उजवा? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आकड्यांवरून एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विल कॅम्पबेल दिसतोय.

दुसरा_डाउन:
हो, कॅम्पबेलच. चौथा नंबर म्हटल्यावर संघ पेट्रियट्स, हे वेगळं सांगायला हवं का?

झोनब्लॉक:
हवं. मॉक लीगमध्ये नंबरांची अदलाबदल होते. असो.
मापाचं असं आहे. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावतात. टोक बोटाने चाचपून शोधायचं असल्यामुळे माणूस बदलला, खांदा जरा सैल सोडला, की माप हलतं. कंबाइनला सगळ्यांना एकाच पद्धतीने मोजतात, म्हणून दोन खेळाडूंची तुलना करायची तर कंबाइनचाच आकडा घे. महिन्याभरात हात ३/८ इंच वाढत नाहीत.

ओहायोचे_काका:
अरे बाबा, एवढा विचार कशाला? टॅकलला किमान ३३ आणि शक्यतो ३४, हा हिशोब उगाच पडलेला नाही. २०२३ चा पीटर स्कोरोन्स्की आठव. नॉर्थवेस्टर्नला डावा टॅकल, पाय सुरेख, तंत्र चोख, हात ३२ १/४. टायटन्सनी अकराव्या नंबरवर उचलला आणि पहिल्या दिवसापासून लेफ्ट गार्डला लावला. याचंही तेच होणार. चौथ्या नंबरवर गार्ड घ्यायचा असेल तर खुशाल घे.

सात_पावलं_मागे:
काका, तुम्ही दर वर्षी स्कोरोन्स्कीच काढता. त्याच कॉलेजचा रशॉन स्लेटर विसरलात? हात ३३, सगळे म्हणत होते आत सरकवा. चार्जर्सनी २०२१ मध्ये तेराव्या नंबरवर घेऊन डावीकडेच ठेवला आणि पहिल्याच वर्षी प्रो बोल (मोसमातल्या निवडक खेळाडूंचा सामना). पेनी स्यूएलचे हात तरी किती, ३३ १/४. आज त्याच्याहून बरा उजवा टॅकल दाखवा.

ओहायोचे_काका:
३३ म्हणजे ३३. ३२ ५/८ म्हणजे ३३ नव्हे.

गणिती:
गंमत बघा. स्लेटर ३३, स्कोरोन्स्की ३२ १/४, कॅम्पबेल ३२ ५/८. दोघांपासून बरोब्बर ३/८ इंचावर. टेपने हा वाद मिटणार नाही.
त्यापेक्षा आरएएस (रिलेटिव्ह ॲथलेटिक स्कोअर) बघा. उंची-वजनासकट सगळ्या चाचण्या एकत्र करून त्या जागेवरच्या आजवरच्या खेळाडूंशी तुलना, शून्य ते दहा. कॅम्पबेलने चाळीस यार्ड ४.९८ मध्ये काढले. मिझूरीचा अर्मांड मेंबू तर ३३२ पौंडाचा असून ४.९१. त्याचे हातही ३३ १/२. तोच घ्या आणि मोकळे व्हा.

सात_पावलं_मागे:
२०१४ चा ग्रेग रॉबिन्सन: ३३२ पौंड, ४.९२, दुसरा नंबर. रॅम्सला किती वर्षं पुरला? आणि ओरलँडो ब्राउन ज्युनियर: २०१८ च्या कंबाइनला ५.८५, बेंच प्रेसला २२५ पौंडाचे जेमतेम १४ रेप्स, घसरत तिसऱ्या फेरीत गेला. रेव्हन्सकडून प्रो बोल खेळला. लाइनमन सामन्यात चाळीस यार्ड सरळ कधी पळतो?

ओहायोचे_काका:
ब्राउनचे हात ३५ इंच होते. धन्यवाद.

सात_पावलं_मागे:
:(

रेणुका_ब:
धागाकर्त्याने फिल्म कशी बघायची ते विचारलंय, त्याचं उत्तर कुणीच देत नाहीये. दुसरा_डाउन, हायलाइट्स बंद कर. २०२४ चे तीन सामने पूर्ण बघ: साउथ कॅरोलायना, टेक्सस ए अँड एम, अलाबामा. कॉलेजची ऑल-२२ (बावीसही खेळाडू एकाच वेळी दिसतात ती) फिल्म आपल्याला सहसा मिळत नाही, टीव्हीच्या बाजूच्या कॅमेऱ्यावर भागवावं लागतं. त्यात हात छातीच्या आत बसले की बाहेर ते दिसत नाही. मागच्या कॅमेऱ्याचा रिप्ले आला की तिथे थांबायचं, ते चार सेकंद बाकीच्या दहा स्नॅप्सच्या (खेळींच्या) बरोबरीचे.

आधी गाळणी लाव. स्क्रीन (आखूड पास), रोलआउट (क्वार्टरबॅक बाजूला पळतो), प्ले-ॲक्शन (धावेची हूल) आणि आरपीओ (धाव की पास ते ऐनवेळी ठरतं) बाद. आरपीओत लाइनमन मुळात रन-ब्लॉक करत असतो, आणि कॉलेजात त्याला रेषेपुढे तीन यार्ड जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच. ते स्नॅप्स मोजलेस तर टॅकल आहे त्याहून भारी दिसतो. उरतात ते खरे पास-सेट (पास वाचवायला घेतलेले पवित्रे). त्यातही तिसरा डाउन (प्रयत्न) आणि सातहून जास्त यार्ड बाकी, हे वेगळे काढ, कारण पास येणार हे समोरच्या एजलाही (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यालाही) माहीत असतं. मग मदत बघ: टाइट एंड शेजारी होता का, रनिंग बॅकने जाता जाता एजला खांदा दिला का, लेफ्ट गार्ड त्याच्या बाजूला सरकला का. मदत नसलेलेच स्नॅप्स जमेला धर.

आता प्रत्येक स्नॅपला एवढंच लिही: पहिला स्पर्श कुणाचा, वाकलं काय (गुडघे की कंबर), स्पर्शानंतर पाय चालू राहिले की रोवले, आणि अडीच सेकंदांनी तो एज आणि क्वार्टरबॅक यांच्या मध्ये आहे का. सॅक (क्वार्टरबॅक पास टाकण्याआधीच पाडला जाणं) झाला की नाही हे लिहूच नकोस. टॅकलची मागे सरकायची कमान सात-आठ यार्डांवर उभ्या क्वार्टरबॅकसाठी आखलेली असते. तो दहा यार्ड मागे भरकटला तर सॅकचा दोष टॅकलला लावता येत नाही.

दुसरा_डाउन:
ताई, हे झकास. पण यातून हात आखूड पडतायत हे नेमकं कसं दिसेल?

रेणुका_ब:
आखूड हात आधी कंबरेत दिसतात. एज बाहेरून दोन रुंद पावलं टाकतो. टॅकल किक-स्लाइडने (बाहेरचा पाय मागे टाकत, सरकत) मागे जातो आणि पोचण्याआधीच त्याला वाटतं, हा निसटला. मग तो ताणतो. गुडघे सरळ होतात, कंबर मोडते, डोकं बुटांच्या टोकापुढे जातं. त्या क्षणी फिल्म थांबव: नाक बुटाच्या पुढे असेल तर झटापट संपलेली आहे, निकाल अर्ध्या सेकंदाने दिसेल. एज बाहेरचं मनगट वरून तोडतो, नाहीतर खांदा धरून पुढे ओढतो, आणि टॅकलचं वजन आधीच पुढे असल्याने त्याला थांबायला जमीनच उरत नाही.

दुसरी खूण उलटी. आपले हात पुरत नाहीत हे माहीत असलेला टॅकल भरपाई म्हणून जास्तच बाहेर सरकतो. मग गार्ड आणि त्याच्यामध्ये दार उघडतं आणि एज आत वळतो. बाहेरून एकदाही न हरता आतून तीनदा हरला, तर तेही हातांचंच दुखणं समज.

तिसरी, एक हात छातीच्या हाडावर रोवून मारलेला बुल रश (सरळ अंगावर घेतलेली धडक). ताणलेला एक हात दोन हातांपेक्षा लांब पोचतो, त्यामुळे इथे टॅकलचे हात हवेत राहतात. तो ते मनगट खाली झटकतो का, आणि नितंब खाली टाकून, छोटी उडी मागे घेऊन पुन्हा रुततो का, हे बघ. दोन यार्ड मागे गेला तर चालतं. क्वार्टरबॅकच्या अंगावर जाऊन पडला तर नाही.

तालीमवाला:
हे तर कुस्तीतलंच झालं. हात आखूड असेल तर समोरच्याचं मनगट आधी तोडायचं आणि पवित्रा खाली ठेवायचा. कोल्हापूरची दोन पोरं पाठवली पाहिजेत.

झोनब्लॉक:
पाठवा, पण छातीबाहेर पकडून ओढलं की होल्डिंग आणि दहा यार्ड मागे, हे त्यांना सांगून पाठवा. बाकी कुस्तीचा पाया असलेला लाइनमन स्काउटनाही आवडतो, ते खरं आहे.
रेणुकाताईंच्या यादीत एक भर: स्टंट (समोरचे दोघे धावून येताना आपसात वाटा बदलतात). टॅकल आणि गार्ड समोरच्या दोघांची अदलाबदल कशी करतात ते बघ. आतला माणूस सोडून द्यायची वेळ चुकली तर ते डोळ्यांचं काम, हातांचं नाही.

मराठी_बाणा:
एक शंका. "ऑफेन्सिव्ह लाइन"ला मराठी शब्द का वापरत नाही आपण? "आघाडीची फळी" कसं वाटतं?

ओहायोचे_काका:
डिफेन्सिव्ह लाइन पण आघाडीलाच असते. मग ती कुठली फळी?

पहाटेचा_गजर:
भारतातून बघणाऱ्यांसाठी: पहिली फेरी गुरुवारी २४ एप्रिलला ग्रीन बेला संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच.

दुसरा_डाउन:
गजर, मी न्यू जर्सीत आहे, तरी आभार. :)
काका, तो गार्ड झाला तर माझे गुण शून्य होतील, म्हणून तर जीव खालीवर होतोय.

झोनब्लॉक:
थांब. शून्य का?

दुसरा_डाउन:
लीगचा नियम आहे. नावापुढे जागा लिहायची. पहिल्या दोन मोसमांत त्या जागेवर खेळलेले स्नॅप्स तेवढेच मोजायचे. मी लेफ्ट टॅकल लिहिणार आहे.

सात_पावलं_मागे:
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो!!

गणिती:
मग माझा मेंबू मागे घेतो. मिझूरीला तो उजवीकडे खेळला. डावीकडे आणायचा म्हणजे मागे सरकणारा पाय बदलतो, बाहेरचा हात बदलतो. जमेलही, पण दोनच वर्षं मोजायची असतील तर जुगार. शिवाय पेट्रियट्सनी मार्चमध्ये उजवीकडे मॉर्गन मोझेस घेऊन ठेवलाय.

झोनब्लॉक:
बरोबर, आणि इथेच काकांचा स्कोरोन्स्की गडबडतो. टायटन्सनी २०२३ च्या ड्राफ्टआधी, मार्चमध्ये, आंद्रे डिलर्डला डाव्या टॅकलसाठी करारबद्ध केलं होतं. जागा भरलेली होती, म्हणून आखूड हातांचा पोरगा आत गेला. चार्जर्सची डावी बाजू २०२१ मध्ये मोकळी होती, म्हणून स्लेटर तिथेच राहिला. पाऊण इंचाने एकाचा गार्ड आणि दुसऱ्याचा टॅकल झाला असं आपण म्हणतो, पण आधी रिकामी खुर्ची बघायची. आता पेट्रियट्सकडे बघ: उजवीकडे मोझेस, सेंटरला नवा गॅरेट ब्रॅडबरी, राइट गार्डला ओनवेनू. डावा टॅकल? भरवशाचा कुणी नाही, आणि मागे क्वार्टरबॅक ड्रेक मे उभा आहे. चौथ्या नंबरवर घेतलेल्या, तीन वर्षं डावीकडे खेळलेल्या पोराला तिथून हलवण्याआधी तिथे खेळवून बघतीलच.

ओहायोचे_काका:
डिलर्डचं मान्य. पण स्कोरोन्स्की अजूनही गार्डच आहे, हेही लिहून ठेवा. आणि मे चेंडू धरून ठेवतो. आखूड हातांच्या टॅकलला झटपट पास टाकणारा क्वार्टरबॅक लागतो.

सात_पावलं_मागे:
किंवा सेट बदलावा लागतो. तिरक्या सेटने, पंचेचाळीस अंशांत पुढे जाऊन एजला वेग घेण्याआधीच गाठलं तर अंतर कमी होतं आणि हात कमी ताणावे लागतात. प्रत्येक वेळी नाही चालत, एजला ते कळलं की तो आतून जातो. पण दहात तीनदा केलं तरी तो दर वेळी बाहेरून धावत सुटत नाही. दुसरा_डाउन, फिल्ममध्ये कॅम्पबेल सेट बदलतो का तेही टिप. सगळे सेट एकसारखे खोल असतील तर एनएफएलमध्ये दुसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याचा अंदाज घेतला जाईल.

दुसरा_डाउन:
आणि टेक्ससचा केल्विन बँक्स? तोही तीन वर्षं डावा टॅकल, हात ३३ १/२.

रेणुका_ब:
चांगला आहे, पण तुझ्या लीगमध्ये त्याला पेट्रियट्स घेणार की दुसरं कुणी, आणि त्यांची डावी बाजू रिकामी आहे का, हे तुला आज माहीत नाही. खुर्ची माहीत असलेला एकच आहे. त्याच तीन सामन्यांत कंबर मोडलेले स्नॅप्स मोज. पहिल्या अर्ध्यात आणि चौथ्या क्वार्टरमध्ये वेगवेगळे मोज, दमल्यावर गुडघे आधी सरळ होतात.

तालीमवाला:
पहिल्या अर्ध्यात धरलेला पवित्रा शेवटी टिकतो का, हेच ना?

रेणुका_ब:
हो. एका वाक्यात तेच.

मराठी_बाणा:
"बिनीची फळी"?

दुसरा_डाउन:
कॅम्पबेल, लेफ्ट टॅकल. यादी पाठवली. अलाबामाचा सामना अर्धा झालाय, कंबर मोजतोय, गाळणी लावल्यावर स्नॅप्स फारच कमी उरतात हो.

ओहायोचे_काका:
दोन वर्षांनी तो गार्डला दिसला की हा धागा वर काढतो.