'एनफ्रँचायझमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कॅनडातल्या मूलनिवासींच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणतेय. 'इंडियन ॲक्टखाली त्याचं एनफ्रँचायझमेंट झालं' असं सारखं येतं ('इंडियन' म्हणजे तिथले मूलनिवासी). शब्दकोश 'मताधिकार देणे' सांगतो. पण पुढच्याच ओळीत तो माणूस राखीव जमिनीवरचा हक्क गमावून बसतो. हे कसं?

उत्तर : ताई, इथे 'मताधिकार' अजिबात घालू नका, वाचणाऱ्याला वाटेल त्याला काही मिळालं. १८५७च्या कायद्याने हा प्रकार सुरू झाला. इंग्रजी किंवा फ्रेंच लिहिता-वाचता येणाऱ्या, कर्ज नसलेल्या, 'चांगल्या चारित्र्याच्या' पुरुषाने इंडियन दर्जा, म्हणजे मूलनिवासी म्हणून कायद्याने असलेली ओळख आणि हक्क, सोडायचा आणि बदल्यात जमातीच्याच जमिनीतले ५० एकरपर्यंत घ्यायचे. फारसं कुणी फिरकलं नाही. मग १८७६चा इंडियन ॲक्ट आला. त्यात 'व्यक्ती'ची व्याख्याच 'इंडियन सोडून इतर माणूस' अशी होती! कुणी डॉक्टर, वकील किंवा पाद्री झाला की त्याचा दर्जा आपोआप जायचा. म्हणजे पोराला शिकवायचं तर तो कायद्याने आपला राहणार नाही. हे वाचून आजही संताप येतो. १९२०मध्ये तर माणसाची संमती न घेता दर्जा काढायची सोय केली.

बायकांचे हाल वेगळेच. दर्जा नसलेल्याशी लग्न केलं की बाईचा दर्जा गेला, पुरुषाला मात्र ही अट नाही. टोबिक या मूलनिवासींच्या राखीव वस्तीतल्या सँड्रा लव्हलेस घटस्फोटानंतर माहेरी परतल्या, तेव्हा कायद्याने त्यांना तिथे हक्कच उरला नव्हता. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. १९८१मध्ये समितीने कॅनडाला दोषी धरलं आणि १९८५मध्ये कायदा बदलला.

म्हणून मी 'इंडियन पटावरून (म्हणजे दर्जा असलेल्यांच्या यादीतून) नाव कमी करणे' असं लिहीन. नामच हवं असेल तर 'दर्जालोप'.

प्रश्न : मूळ अर्थ मोकळं करणं असा आहे ना? मग 'दर्जामुक्ती'?

उत्तर : नको. आपल्याकडे 'विमुक्त' म्हटलं की १९५२मध्ये गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेलेल्या जमाती डोळ्यांपुढे येतात. तिथे कलंक गेला होता, इथे हक्क गेले.

प्रश्न : आणि माझ्या मजकुरातलं १९६०बद्दलचं वाक्य? तिथेही हाच शब्द आहे.

उत्तर : तिथे 'मताधिकार'च बरोबर. दर्जा न सोडता संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क सगळ्या इंडियनांना त्या वर्षी मिळाला.