चिनी मातीच्या बरणीवर वटवाघळे का काढली असावीत?

प्रश्न (शहापूर, बेळगाव):

सस्नेह नमस्कार. आमच्या घरी आजेसासूबाईंच्या माहेराहून, म्हणजे गोव्याकडून, आलेली चिनी मातीची एक झाकणाची बरणी आहे. ती वीतभर उंच असून पांढऱ्या अंगावर निळी नक्षी आहे. इतकी वर्षे ती माळ्यावर धडप्यात गुंडाळून ठेवलेली होती. गेल्या महिन्यात घराला रंग काढताना ती खाली आली. कोमट पाण्याने धुतल्यावर लक्षात आले की, ज्यांना आम्ही आजवर फुलपाखरे समजत होतो, ती खरे तर पंख पसरलेली वटवाघळे आहेत. एका गोल, अक्षरासारख्या आकृतीभोवती ती पाच आहेत; दुसऱ्या बाजूला कमळ आणि त्याच्या देठाशी मासा आहे. झाकणाला तडा गेलेला असून तो धातूच्या दोन बारीक आकड्यांनी सांधलेला आहे.

सासूबाईंनी वटवाघळे पाहिली आणि बरणी देवघराच्या खोलीत ठेवू नये, असे सांगितले. वटवाघूळ घरात शिरणे अशुभ, हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामुळे त्यांचे मन मला मोडायचे नाही. परंतु ज्या कारागिरांनी इतक्या निगुतीने एकेक पंख रंगवला, त्यांनी अशुभ प्राणी मुद्दाम निवडला असेल, हे मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १ (निपाणी, भाषाशिक्षिका):

ताई, आपली शंका अगदी योग्य आहे. ती नक्षी अशुभ तर नाहीच, उलट चिनी घरांत ती मंगलकार्याला शोभणारी मानली जाते. याचे कारण चित्रात नाही, उच्चारात आहे. चिनी भाषेत वटवाघळाला ‘फू’ म्हणतात आणि सौभाग्यालाही ‘फू’च म्हणतात, दोन्हींची अक्षरे वेगळी असली, तरी कानाला फरक कळत नाही. आपल्याकडे ज्याला श्लेष म्हणतात, तो तेथे कवितेपुरता न राहता भांड्यांवर, कापडावर, खिडकीच्या जाळीवर उतरला. त्यामुळे ही नक्षी नुसती पाहून भागत नाही, ती मोठ्याने वाचावी लागते.

आपण पाच वटवाघळे मोजलीत, ती संख्याही सहज आलेली नाही. ‘शांगशू’ या प्राचीन चिनी ग्रंथात पाच सुखे सांगितली आहेत: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य व स्वास्थ्य, सदाचाराची आवड, आणि आयुष्य पुरे करून आलेला शांत मृत्यू. मधली गोल आकृती बहुधा ‘शौ’, म्हणजे दीर्घायुष्य, या अक्षराचे नक्षीदार रूप असावे, कारण त्याच्याभोवती पाच वटवाघळे ही तेथील फार रूढ जोडणी आहे. पाचवे सुख वाचताना मला आपल्या घरांत म्हटली जाणारी ‘अनायासेन मरणं विना दैन्येन जीवनम्’ ही प्रार्थना आठवते. सासूबाईंना हे अवश्य सांगावे.

मासा म्हणजे ‘यू’, आणि शिल्लक उरणे यालाही ‘यू’ म्हणतात. कमळ म्हणजे ‘ल्येन’, आणि सलग, एकापाठोपाठ एक यालाही ‘ल्येन’. कमळाशी मासा काढला की ‘वर्षामागून वर्ष घरात काही उरो’ असा आशीर्वाद तयार होतो. म्हणूनच नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणात मासा वाढतात आणि तो मुद्दाम थोडा शिल्लक ठेवतात.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपण निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. नारळ फोडला तरी ‘वाढवला’ म्हणतो. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणतो. शब्दाचा नाद घडणाऱ्या गोष्टीला स्पर्श करतो, हीच श्रद्धा दोन्हीकडे आहे. चीनमध्ये भेट म्हणून भिंतीवरचे घड्याळ देत नाहीत, कारण ‘घड्याळ देणे’ याचा उच्चार अंत्यसंस्काराला उपस्थित राहण्यासारखा होतो. फरक इतकाच की, आपण ही काळजी मुख्यतः बोलण्यात घेतो आणि त्यांनी तिच्यातून नक्षीची एक संपूर्ण परंपरा उभी केली.

उत्तर २ (खानापूर):

आमचे घराणे मातीकामाचे असल्यामुळे मी नक्षीपेक्षा अंगाबद्दल लिहितो. आमच्या खानापूरच्या मातीत लोह असते, म्हणून कौल असो वा माठ, भाजल्यावर लाल येतो. साधारण नऊशे-हजार अंशांपर्यंत तो पक्का होतो, तरीही पाणी पाझरतो, आणि म्हणूनच माठातले पाणी थंड राहते. चीनमधील जिंगदेझेनच्या कारागिरांकडे जवळच्याच गावलिंग या ठिकाणची, लोह अगदी कमी असलेली पांढरी माती होती. ‘केओलिन’ हे नाव त्या ठिकाणावरूनच पडले. ती माती आणि कुटलेला विशिष्ट दगड एकत्र मळून सुमारे 1300 अंशांवर भाजला, की सगळे अंग काचेसारखे एकजीव होते. बोटाच्या नखाने हलकेच टिचकी मारली, तर तडा नसलेले भांडे घंटीसारखे वाजते. लोणच्याच्या पिवळ्या-तपकिरी बरणीलाही आपण चिनी मातीचीच म्हणतो. तिचे अंग मात्र वेगळे आणि जाड असते, त्यातून उजेड दिसत नाही. आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडे चिनी मातीला पिंगाणी म्हणतात.

निळा रंग कोबाल्टचा असतो. तो कच्च्या, नुसत्या वाळवलेल्या भांड्यावर लावतात, वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढवतात आणि मग एकदाच भाजतात. लावताना तो काळपट करडा दिसतो. निळा होतो तो भट्टीतच, म्हणजे रंगवणाऱ्याला आपली चूक भट्टी उघडल्यावरच कळते. कच्चे अंग कुंचल्यातले पाणी तत्काळ पिते, त्यामुळे रेघ पुसून पुन्हा काढता येत नाही. ज्याने मातीत हात घातला आहे, त्यालाच त्या पंखांच्या रेघांमागचा सराव कळेल. चिनी ग्रंथकार सोंग यिंगशिंग यांच्या 1637 च्या ग्रंथात एक भांडे तयार होईपर्यंत 72 हातांखालून जाते, असे लिहिले आहे, आणि माझ्या अनुभवावरून मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

झाकणावरचे आकडे कृपया काढू नका. हिरकणीच्या टोकाच्या सामत्याने अर्ध्या जाडीपर्यंतच छिद्र पाडून ते बसवतात. आरपार छिद्र पडले तर भांडे वाया जाते. ‘हिरकणीचा सामता नसेल तर चिनी मातीचे काम हाती घेऊ नये’ अशी चिनी म्हणच आहे. मात्र बुडावर अक्षरे असली, तरी त्यांवरून वय ठरवू नका, कारण जुन्या राजवटींची मुद्रा पुढच्या काळातील कारागीर सर्रास लिहीत. 1662 ते 1722 या कांगशी बादशहाच्या काळातील भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगहुआ राजवटीची मुद्रा आढळते.

उत्तर ३ (बेळगाव, हिंदवाडी):

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, केवळ कमळाविषयी थोडी भर घालतो. अकराव्या शतकातील विद्वान झोउ दुन्यी यांनी कमळावर एक छोटा लेख लिहिला आहे. शेवंती एकांतवासी माणसासारखी, पिओनी धनवंतासारखी, आणि चिखलातून वर येऊनही न मळणारे कमळ सज्जनासारखे, असे ते म्हणतात. त्यामुळे तेथे एकच फूल एकाच वेळी श्लेषही असते आणि स्वभावाचे वर्णनही, आणि भांडे घेणारा आपल्या आवडीनुसार अर्थ घेतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर:

सर्वांची मनापासून आभारी आहे. सासूबाईंना पाच सुखे वाचून दाखवली. पाचव्या सुखापाशी त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले आणि थोड्या वेळाने बरणी स्वतःच हातात मागून घेतली. आता ती देवघराच्या खोलीतील फडताळात आहे, आणि झाकण कापसात वेगळे ठेवले आहे. ते ठेवताना आतल्या बाजूस आणखी एक छोटे वटवाघूळ दिसले, पण त्याचे डोके खाली आहे. हा सहावा आकडा पाचांच्या हिशेबात कसा बसतो?

उत्तर १ (निपाणी):

ताई, तो पाचांत मोजायचा नाही. चिनी भाषेत ‘उलटे’ आणि ‘आले, पोहोचले’ या दोन्हींचा उच्चार ‘दाव’ असा होतो. म्हणून नववर्षाला दारावर ‘फू’ हे अक्षरही उलटे चिकटवतात. खाली डोके केलेले वटवाघूळ मोठ्याने वाचले की ‘सौभाग्य घरी आले’ असे ऐकू येते, आणि आपल्या कारागिराने ते झाकण उघडणाऱ्यालाच दिसेल अशा जागी काढले आहे.